नववीचा अंतर-काल आलेख, कंट्रोलच्या टेबलावरून

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ हा धडा आला की आमच्या गल्लीतली पोट्टी आलेख कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी शिकवणी घेत नाही. पण रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होतो, म्हणजे मार्गाच्या एका टप्प्यावर कोणती गाडी आधी सोडायची ते ठरवणारा, आणि त्या खुर्चीवर बसून रोज अंतर-काल आलेखच काढायचो. टेबलभर पसरलेला कागद, आडवी वेळ, उभी स्टेशनं: नागपूर, अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, वरूड, सेवाग्राम. स्टेशन मास्तर फोनवर सांगायचा, अमुक गाडी इतक्या वाजता पास झाली. की त्या स्टेशनाच्या रेषेवर त्या मिनिटाला ठिपका. पुढच्या स्टेशनाचा फोन आला की दुसरा ठिपका, आणि दोन्ही जोडणारी रेष. गाडी डोळ्यांनी दिसायची नाही, पण ती कुठे रखडली, कुठे सुसाट सुटली, मागची तिला कुठे गाठणार, हे सगळं कागदावर दिसायचं. आता ती रेष संगणक ओढतो, पण रेष तीच आहे.

म्हणून माझी तपासायची पद्धत सोपी आहे. पोट्ट्यानं काढलेला आलेख मी त्याला काही न विचारता वाचून दाखवतो. इथे तू थांबलास, इथे जोरात गेलास, इथे गर्दी लागली. वाचता आला तर आलेख बरोबर. नाही आला तर खाली कितीही रंगीत अक्षरांत ‘निष्कर्ष’ लिहिला असला तरी तो पुन्हा काढावा लागतो.

शाळेतून मिळालेला उपक्रम बहुतेक असा असतो: स्वतःच्या एखाद्या प्रवासाचा अंतर-काल आलेख काढा आणि गतीचा प्रकार ओळखा. अर्धी मुलं घरी बसून आकडे रचतात. ० सेकंदाला ० मीटर, १० ला २०, २० ला ४०. पट्टी ठेवली की रेष सरळ, पाच मिनिटांत काम फत्ते. सर पाहताच ओळखतात, कारण खऱ्या प्रवासाचे सगळे ठिपके इतक्या शिस्तीत कधी उभे राहत नाहीत. आणि खरा आलेख काढायला सकाळचा एखादा तास पुरतो, मग रचायचं काऊन?

माझ्या नातीनं केला तो प्रवास इथे घेतो. घर ते शिकवणी, सायकलवर. तुमचा रस्ता निवडताना एवढंच बघा की तो एक-दोन किलोमीटरचा असावा, वाटेत ओळखता येतील अशा पाच-सहा खुणा असाव्यात आणि निदान एकदा तरी थांबावं लागावं. थांबणं महत्त्वाचं आहे, त्याशिवाय आलेखात आडवी रेष येत नाही आणि आडव्या रेषेवर प्रश्न हमखास येतो. सिग्नल नसेल तर तर्री पोहे खायला थांबा, माझी हरकत नाही. वर्धा रोड, रिंग रोड असले रस्ते मात्र नकोत. मोजणीत डोकं गुंतलेलं मूल ट्रकच्या रस्त्यावर सोडायचं नसतं. आतला, ओळखीचा रस्ता घ्या. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे हा धडा येतो तेव्हा बहुधा पाऊस सुरू झालेला असतो. उघडीप असलेली सकाळ पकडा आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

कोणी मेट्रोचा प्रवास घेतो. त्याचा आलेख जिन्याच्या पायऱ्यांसारखा छान येतो, फक्त प्रत्येक स्टेशनाला दोन वेळा टिपाव्या लागतात, गाडी थांबली ती आणि सुटली ती. दोन स्टेशनांमधलं अंतर मात्र नकाशावर मार्गाच्या रेषेनेच मोजावं लागतं, रस्त्याच्या अंतरानं चालत नाही. आणि रेल्वेचा नाद असलेल्यांसाठी: सेवाग्रामकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून विजेच्या खांबांवरचे आकडे बघा. वरचा आकडा किलोमीटरचा असतो, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. वरचा आकडा बदलला की वेळ टिपायची. एका किलोमीटरला ३६ सेकंद लागले तर ताशी १०० चा वेग, कारण तासात ३६०० सेकंद. हे डब्यात बसून करायचं. रुळांवर उतरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळ आहे तो वेगळाच.

आता अंतर. मोबाईलच्या नकाशावर मोजता येतं, पण ते पडताळ्याला ठेवा. आधी सायकलच्या चाकानं मोजा, त्यात मजाही आहे आणि सरांना सांगायला गोष्टही मिळते. टायरमध्ये हवा नीट भरा. टायरवर खडूची एक रेघ आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवर दुसरी. सायकल सरळ ढकलत चाकाच्या पूर्ण दोन फेऱ्या होऊ द्या, जमिनीवर पुन्हा रेघ, आणि सुताराच्या टेपनं अंतर मोजा. नातीच्या सायकलला दोन फेऱ्यांत ४ मीटर १० सेंटीमीटर आले, म्हणजे एका फेरीला २.०५ मीटर. दोन फेऱ्या एवढ्याचसाठी की रेघ मारताना झालेली चूक दोघींत वाटली जाते. टेप लांब असेल तर दहा फेऱ्या घ्या.

मग व्हॉल्व्हजवळच्या स्पोकला लाल रिबन बांधायची आणि सायकल हातात धरून, चालत, रस्ताभर फेऱ्या मोजायच्या. रिबन खाली आली की एक. घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत १९५ फेऱ्या झाल्या. १९५ गुणिले २.०५ म्हणजे ३९९.७५ मीटर. नात तेवढं सगळं वहीत लिहायला निघाली होती. मी म्हटलं, ४०० लिही. आपल्या कागदावर एक मिलिमीटर म्हणजे दहा मीटर असणार आहे, तिथे पाव मीटर दिसणार कुठून? सगळी अंतरं जवळच्या दहा मीटरला नेऊन ठेवायची. आणि प्रत्येक अंतर घरापासूनचं लिहायचं, मागच्या खुणेपासूनचं नाही. ही गफलत फार होते: टाकी ४००, देऊळ २००, सिग्नल ३०० असं लिहिलं की आलेखाची रेष वर-खाली नाचते आणि सायकल मागे-पुढे धावल्यासारखी दिसते. बेरीज करत जा.

वेळ टिपायला सायकल चालवताना स्टॉपवॉचकडे बघायचं नाही, अजिबात नाही. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायची सोय असतेच. ती सुरू करून फोन खिशात टाकायचा, निघताना ‘निघाले’ म्हणायचं आणि खूण ओलांडताना तिचं नाव मोठ्यानं म्हणायचं. ‘टाकी!’ ‘देऊळ!’ ‘थांबले!’ ‘निघाले!’ गल्लीतले लोक हसतात, हसू द्या. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं की प्रत्येक शब्दाला सेकंदाचा आकडा समोर दिसतो. पहिल्या ‘निघाले’चा आकडा सगळ्यांतून वजा करायचा, की घर शून्यावर येतं. कंट्रोलमध्ये स्टेशन मास्तर जे काम करायचा ते इथे खिशातला फोन करतो. नाव घ्यायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही, ते पुढे प्रमाण ठरवताना कळेल.

नातीचा तक्ता असा झाला:

घर: ० सेकंद, ० मीटर
पाण्याची टाकी: १०० सेकंद, ४०० मीटर
देऊळ: १५० सेकंद, ६०० मीटर
सिग्नलला थांबली: २४० सेकंद, ९०० मीटर
सिग्नलवरून निघाली: ३०० सेकंद, ९०० मीटर
दवाखाना: ३८० सेकंद, १३०० मीटर
शिकवणी: ४४० सेकंद, १५०० मीटर

सिग्नलच्या दोन ओळी बघा. ठिकाण एकच, अंतर एकच, वेळा दोन. ज्यांच्या तक्त्यात थांब्याची एकच ओळ असते त्यांच्या आलेखातून थांबा गायब होतो, आणि सायकल सिग्नलजवळ नुसती हळू झाल्यासारखी दिसते.

प्रमाण ठरवायला मात्र घाई करू नका. पेन्सिल उचलायच्या आधी सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढे जे बिघडतं ते बहुतेक इथेच बिघडलेलं असतं.

वेळ आडव्या X-अक्षावर, अंतर उभ्या Y-अक्षावर. वेळ कोणासाठी थांबत नाही, ती आपली आपण पुढे सरकते, म्हणून ती स्वतंत्र चल (चल म्हणजे बदलणारी राशी). सायकल कुठे पोचली ते वेळेवर अवलंबून, म्हणून अंतर हे अवलंबी चल. आता कागद मोजा. दुकानात मिळणारा आलेख कागद साधारण १८ गुणिले २४ सेंटीमीटरचा असतो, थोडं इकडेतिकडे. मुलं तो वहीसारखा उभा धरतात. तसा धरला तर वेळेच्या बाजूला १८ सेंटीमीटर मिळतात आणि त्यात ४४० सेकंद बसवायचे. १ सेंटीमीटरला २० सेकंद घेतले तर २२ सेंटीमीटर लागतात, कागदाबाहेर गेलं. मग कोणीतरी ३० सेकंद घेतो. १४.७ सेंटीमीटरमध्ये बसतं, पण एक मिलिमीटर म्हणजे ३ सेकंद. १०० सेकंदांचा ठिपका ३३.३ मिलिमीटरवर येतो. तो ठिपका कुठे द्यायचा, सांगा बरं? १ सेंटीमीटरला ७ सेकंद घेणारेही पाहिलेत मी.

आम्ही कागद आडवा केला. कंट्रोलचा कागदही आडवा लांब असायचा, कारण दिवसाचे तास स्टेशनांपेक्षा जास्त जागा खातात. आता वेळेला २४ सेंटीमीटर मिळाले. १ सेंटीमीटर म्हणजे २० सेकंद, एक मिलिमीटर म्हणजे २ सेकंद, ४४० सेकंदांना २२ सेंटीमीटर. उभ्या बाजूला १८ सेंटीमीटर आहेत, १ सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर, १५०० मीटरना १५. दोन्हीकडे कागद जवळजवळ भरला आणि प्रत्येक ठिपका ठळक रेषेवर किंवा अर्ध्यावर बसला. लक्षात ठेवायचं तर एवढंच: १ सेंटीमीटरला १, २, ५, १०, २०, ५०, १०० असे आकडे घ्या. ३, ७, १५ घेऊ नका. आणि आलेखानं निम्म्याहून जास्त कागद व्यापला पाहिजे. कोपऱ्यात चिमणीएवढा आलेख काढला तर त्यातून काही मोजता येत नाही. आवाज अर्धा सेकंद उशिरा आला होता ना? इथे तो पाव मिलिमीटर झाला, पेन्सिलच्या टोकाखाली झाकला जातो.

प्रमाण उजव्या कोपऱ्यात वर लिहा: X-अक्ष, १ सेमी = २० सेकंद; Y-अक्ष, १ सेमी = १०० मीटर. अक्षांखाली ‘वेळ (सेकंद)’ आणि ‘घरापासूनचं अंतर (मीटर)’. एकक विसरलं तर अर्धा गुण जातोच. दोन्ही अक्ष मिळतात तो आरंभबिंदू, त्याला O म्हणायचं. आपल्या नागपुरात चार घोड्यांचा झिरो माईल स्तंभ आहे, तिथून गावांची अंतरं मोजायची सोय इंग्रजांनी केली. तुमच्या आलेखाचा झिरो माईल म्हणजे घर, हे अक्षाच्या नावातच लिहून टाकलं की पुढचा गोंधळ टळतो.

ठिपके देताना आधी उजवीकडे, मग वर. टाकी: उजवीकडे ५ सेंटीमीटर, वर ४. देऊळ: साडेसात, ६. सिग्नल: १२ वर ९ आणि १५ वर ९. दवाखाना: १९, १३. शिकवणी: २२, १५. टोक काढलेल्या पेन्सिलनं बारीक ठिपका द्या आणि त्याभोवती लहान वर्तुळ काढा, म्हणजे रेष काढल्यावरही ठिपका हरवत नाही. पेननं काढू नका. स्केचपेन तर घरीच ठेवा.

रेष कशी जोडायची यावर मुलांचे वाद होतात. आपला प्रवास खुणाखुणांचा आहे, दोन खुणांच्या मधे काय झालं ते आपण टिपलेलं नाही, म्हणून लागून असलेले दोन ठिपके पट्टीनं सरळ जोडायचे. त्या सरळ तुकड्याचा अर्थ ‘या भागातला सरासरी वेग’ एवढाच. खरी सायकल सिग्नलला दगडासारखी जागच्या जागी थांबत नाही, ती हळूहळू थांबते, म्हणून खऱ्या गतीची रेष कोपऱ्यांवर गोल असते. निष्कर्षात हे एक वाक्य लिहिलंत तर सर खूश होतील. पण शाळेच्या मैदानावर दर दहा मीटरला एकेक मित्र उभा करून, एकाच्या चालण्याच्या वेळा घेतल्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे गती एकसमान आहे असं आपल्याला वाटतंय आणि ठिपके थोडे वर-खाली आहेत ते मोजणीच्या चुकीनं. मग ठिपक्यांतून करवतीसारखी रेष काढायची नाही. जास्तीत जास्त ठिपक्यांच्या जवळून जाणारी, काही वर काही खाली ठेवणारी एकच सरळ रेष काढायची.

आता वाचायला बसा. घर ते देऊळ सरळ एक चढ: समान वेळेत समान अंतर, म्हणजे जवळपास एकसमान गती. ‘जवळपास’ शब्द सोडू नका, आपल्याकडे तिथे तीनच ठिपके आहेत. देऊळ ते सिग्नल चढ कमी: बाजाराची गर्दी. मग आडवी रेष: ६० सेकंद थांबली, वेळ गेली, अंतर वाढलं नाही. सिग्नल ते दवाखाना चढ सगळ्यांत जास्त. नात इथे अडली. “आबाजी, तिथे रस्ता तर खाली जाऊन राहिला, मग रेष वर काऊन?”

प्रश्न बरोबर होता आणि तो बहुतेक मुलांच्या मनात असतो, विचारत नाहीत एवढंच. आलेख हा रस्त्याचा नकाशा नाही. वर जाणं म्हणजे टेकडी चढणं नाही, वर जाणं म्हणजे घरापासून दूर जाणं. दवाखान्याकडे उतार आहे म्हणूनच सायकल जोरात गेली, कमी वेळात जास्त अंतर कापलं, म्हणून रेष जास्त चढी झाली. तसंच शिकवणीच्या आधी ती उजवीकडे वळली, पण ते वळण आलेखात कुठेच नाही. रस्ता डावीकडे गेला की उजवीकडे, अंतर-काल आलेखाला त्याचं सोयरसुतक नसतं. घरात याचीच परीक्षा घ्यायची असेल तर आलेखावरची नावं हातानं झाका आणि ज्यानं तो प्रवास पाहिलेला नाही अशा कोणाला तरी गोष्ट सांगायला लावा. आमच्याकडे आजीनं सांगितली, आणि बरोबर सांगितली.

चढ काढणं म्हणजे वेग काढणं. एका तुकड्याची दोन टोकं घ्या, वरचं अंतर वजा खालचं अंतर, भागिले नंतरची वेळ वजा आधीची वेळ. घर ते देऊळ: ६०० भागिले १५०, सेकंदाला ४ मीटर. ताशी किलोमीटर हवे असतील तर ३.६ नं गुणा, कारण तासात ३६०० सेकंद आणि किलोमीटरमध्ये १००० मीटर. १४.४ आले. देऊळ ते सिग्नल: ३०० भागिले ९०, सुमारे ३.३. सिग्नल ते दवाखाना: १३०० वजा ९००, भागिले ३८० वजा ३००, म्हणजे ४०० भागिले ८०, सेकंदाला ५ मीटर. इथे पुष्कळ मुलं १३०० ला ३८० नं भागून ३.४ लिहितात. तो उताराचा वेग नव्हे, ती घरापासून दवाखान्यापर्यंतची सरासरी झाली, सिग्नलचा मिनिट धरून. वजाबाकी केल्याशिवाय भागाकार करायचा नाही.

वेग कोनमापकानं मोजायचा नाही, हेही सांगून ठेवतो. एक हुशार पोट्टा रेषेचा कोन मोजून आला होता. प्रमाण बदललं की तीच रेष उभट किंवा सपाट होते, वेग तोच राहतो. म्हणून दोघांचे आलेख शेजारी ठेवून ‘माझा जास्त चढ, मी जोरात’ असं म्हणता येत नाही, जोवर दोघांचं प्रमाण एकच नाही.

पूर्ण प्रवासाची सरासरी: १५०० भागिले ४४०, सुमारे ३.४ मीटर दर सेकंदाला, ताशी १२ किलोमीटरच्या थोडं वर. O पासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत तुटक रेष ओढली तर तिचा चढ हाच. थांब्याचे ६० सेकंद वगळले असते तर ३.९ आले असते. सरासरीला आडव्या रेषा खाली ओढतात, आणि मोठ्या माणसांनाही हे गाडी चालवताना उमजत नाही. समृद्धी महामार्ग नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे ७०१ किलोमीटर, मोटारीला वेगमर्यादा १२०. भागाकार केला की पावणेसहा तासांच्या वर थोडा वेळ येतो. तेवढ्यात पोचायचं तर पूर्ण रस्ता काटा १२० वर ठेवावा लागेल, चहा नाही, डिझेल नाही, टोलला थांबणं नाही. आलेख काढला तर त्या आडव्या रेषा दिसतात, गप्पांमध्ये दिसत नाहीत.

ज्याला वरचे गुण हवेत त्यानं त्याच कागदावर दुसरी रेष काढावी. नातीचा मामा १२० सेकंद उशिरा स्कूटरवर निघाला असं धरा, सेकंदाला ८ मीटरच्या एकसमान गतीनं. त्याची रेष O पासून सुरू होत नाही, X-अक्षावर १२० सेकंदांपासून होते. कारण तोवर तो घरीच आहे. १७० सेकंदाला तो ४०० मीटरवर, २२० ला ८०० वर. पट्टी ठेवून ओढा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे त्यानं भाचीला गाठलं: आलेखावर सुमारे २२७ सेकंद आणि ८५० ते ८६० मीटरच्या मधे, सिग्नलच्या जरासं अलीकडे. समीकरण न मांडता उत्तर आलं. अंतर-काल आलेखाचा खरा उपयोग मला इथे वाटतो, आणि शाळेत नेमका इथेच धडा संपतो.

आमचं सगळं काम या छेदबिंदूंवर चालायचं. संथ मालगाडीची रेष आणि मागून येणाऱ्या एक्स्प्रेसची उभट रेष कुठे भेटणार हे आधी ओढून बघायचं, आणि त्याच्या अलीकडच्या स्टेशनात मालगाडी लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची. कागदावर मालगाडी आडवी होते, एक्स्प्रेस तिला ओलांडून जाते, मग मालगाडी पुन्हा चढू लागते. एकेरी मार्गावर तर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेषा फक्त स्टेशनाच्या रेषेवरच छेदल्या पाहिजेत. दोन स्टेशनांच्या मधल्या कोऱ्या जागेत छेदल्या तर त्याचा अर्थ काय ते मुलांना सांगावं लागत नाही, त्यांचे डोळेच मोठे होतात. असे आलेख फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच वापरात आले होते, पॅरिस ते लियॉनच्या गाड्यांचं अख्खं वेळापत्रक एका कागदावर रेषांनी काढलेलं होतं.

समोरून येणाऱ्या गाडीची रेष मात्र वरून खाली येते. यावरून शाळेतला एक जुना घोळ सुटतो. नात शिकवणीहून घरी परतली तर रेष खाली आणायची की वर नेत राहायची? अक्षावर तुम्ही काय लिहिलंय ते बघा. ‘घरापासूनचं अंतर’ लिहिलं असेल तर परतताना ते कमी होणार, रेष उतरणार, घरी आल्यावर शून्याला टेकणार. ‘कापलेलं एकूण अंतर’ लिहिलं असेल तर ते कधीच कमी होत नाही, सायकल मागे फिरली तरी चाक फिरतच असतं. रेष चढत राहील आणि घरी आल्यावर ३००० मीटरवर असेल. दोन्ही आलेख बरोबर, प्रवास एकच. नुसतं ‘अंतर’ लिहून रेष खाली आणली तर सर लाल शेरा मारतील आणि ते चूक नसतील, कारण पुस्तकात अंतर म्हणजे प्रत्यक्ष कापलेलं अंतर, आणि कमी-जास्त होतं ते विस्थापन. शाळेसाठी काढताना एकतर्फी प्रवास घ्या, भानगडच नको.

वक्र रेष दाखवायला सांगितली असेल, म्हणजे नैकसमान गती, तर सायकल सोडा. लांब फळी एका टोकाला जराशी उचलून तिच्यावरून गोटी सोडा. सुरुवातीपासून समान वेळांना मोजलेली अंतरं १, ४, ९ अशा पटीत वाढतात आणि रेष वर वळत जाते. गॅलिलिओनं हेच केलं होतं, घड्याळ नव्हतं म्हणून भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजली. तुमच्याकडे मोबाईलचा कॅमेरा आहे, संथ गतीत चित्रण करा.

फाइलमध्ये आधी तक्ता, मग आलेख, मग गणितं, मग निष्कर्ष. निष्कर्ष चार-पाच ओळींचा पुरे, पण तुमच्या प्रवासाचा असावा. नातीनं लिहिला तो असा: ‘० ते १५० सेकंद माझी गती जवळपास एकसमान होती, वेग ४ मी/से. २४० ते ३०० सेकंद मी सिग्नलला थांबले होते, तेव्हा वेग शून्य. सर्वांत जास्त वेग सिग्नल ते दवाखाना, ५ मी/से, कारण तिथे उतार आहे. पूर्ण प्रवासाची गती नैकसमान होती.’ त्याखाली मोजणी कशी केली ते दोन ओळींत, चाकाच्या फेरीची लांबी धरून. बाजारातून आणलेली सायकलची चिकटचित्रं लावू नका. आलेख आडवा आहे, म्हणून पंच कागदाच्या वरच्या लांब बाजूला करा. शीर्षक तिथे येणार असेल तर जरा खाली सरकवून लिहा, नाहीतर भोक नेमकं शीर्षकावर पडतं.

तोंडी विचारतात ते ठरलेलं असतं. रेष X-अक्षाला समांतर का? थांबली होती. दोन तुकड्यांत वेग कुठे जास्त? जिथे चढ जास्त. रेष अगदी उभी, Y-अक्षाला समांतर असू शकते का? नाही, तसं झालं तर शून्य वेळात अंतर कापल्यासारखं होईल. रेष डावीकडे मागे वळू शकते का? तीही नाही, वेळ मागे जात नाही. आणि सरांनी विचारलं, हे आकडे खरे मोजलेत कशावरून, तर मोबाईलमधलं रेकॉर्डिंग ऐकवा. गुण मिळेपर्यंत ते पुसू नका.